मामा, इकडं बघा

व्हिडिओ कॅमेरा घेतला त्या वर्षी शिवाजी पेठेत माझ्याइतका भाव खाणारा माणूस दुसरा नव्हता. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. गल्लीच्या तोंडाशी माझा फोटो स्टुडिओ होता आणि तोवर मी पासपोर्टचे, बारशाचे आणि स्थळाला पाठवायचे फोटो काढून पोट भरत होतो. कॅमेरा आला आणि मी एकदम ‘शूटिंगवाले’ झालो. एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या खांद्याला पट्ट्यानं लटकवलेला रेकॉर्डर, आणि दोन्हींचं वजन एवढं की लग्नातून घरी आलो की बायको न विचारता पाठीला तेल लावायची. पण मांडवात शिरलो की नवरदेवाकडं कुणी बघायचं नाही, सगळे माझ्याकडं बघायचे.

लग्नाच्या शूटिंगचा एकच नियम होता. चेहरा सुटता कामा नये. ज्याचा चेहरा टेपमध्ये नाही तो लग्नाला आलाच नाही, असं लोक धरून चालायचे. एका घरात मुलाची आत्या टेपमधून सुटली, तर तिनं धाकट्याच्या लग्नाला यायचं नाकारलं आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. एकेका चेहऱ्यावर कॅमेरा न्यायचा आणि माणूस इकडं-तिकडं बघत असला तर हाक मारायची. ‘मामा, इकडं बघा’, ‘आक्का, जरा हसा की’. पुढंपुढं ही वाक्यं मला म्हणावी लागत नव्हती, जीभच म्हणायची.

असंच एका लग्नाची टेप बघून पोलीस खात्यातल्या एका साहेबांनी मला बोलावणं धाडलं. पोलिसांचं बोलावणं म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. जाऊन बघतो तर साहेब तरुण, नुकतेच बदलून आलेले, डोळ्यावर काळा गॉगल.

“दर शुक्रवारी आमच्या मैदानावर दंगल आवरण्याची कवायत असते,” ते म्हणाले. “खोटी दंगल. अर्धे रंगरूट जमाव होतात, अर्धे पोलीस. मला ती टेपवर हवी. सोमवारी सगळ्यांना बसवून दाखवायची. आपली चूक आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणूस सुधारत नाही.”

“साहेब, काळजी सोडा,” मी म्हणालो, “एकही माणूस सुटणार नाही.”

आणि मी एकही रंगरूट सोडला नाही. सोमवारी बराकीच्या खिडक्यांवर घोंगडी टाकून अंधार केला होता. रिक्षातून आणलेला माझाच टीव्ही आणि माझाच व्हीसीआर टेबलावर मांडला. टेप सुरू झाली ती सनईनं, कारण सुरुवातीला सनई टाकायचीच असते अशी माझी समजूत. मग फुलांच्या चौकटीत ‘शुभारंभ’. मग एकेक रंगरूट, छातीपासून वर, कॅमेऱ्याकडं बघून हसणारा. पोलीस झालेले हसत होते, दंगेखोर झालेले त्याहून जास्त हसत होते. एका ठिकाणी एकानं दुसऱ्यावर लाठी उगारली होती आणि दोघंही थांबून माझ्याकडं बघत होते, वरमाला घालताना थांबतात तसे. लाठीमार कुठं झाला, जमाव कधी पळाला, काही म्हणजे काही टेपमध्ये नव्हतं. साहेबांनी गॉगल काढला. त्यांचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले.

“हे काय आहे?”

“साहेब, सगळे आलेत,” मी म्हणालो.

मागच्या रांगेतून एक दणदणीत हसू आलं. ते हसू मी अंधारातही ओळखलं असतं. ते मामांचं होतं.

मामा म्हणजे त्या मैदानावरचे कवायत शिकवणारे हवालदार. रंगरूट त्यांना उस्ताद म्हणायचे. मी मामा म्हणायचो, कारण ते आमच्याच गल्लीतले, आणि पोरपणी तालमीत मला कुस्ती शिकवायचा प्रयत्न त्यांनीच केला होता. दोन महिन्यांत त्यांनी हात टेकले आणि आमच्या वडिलांना सांगितलं, “ह्याला फोटोबिटोत घाला, मातीचं काम न्हाय ह्याचं.” तेव्हा माझ्या धंद्याचं मूळ शोधायचं तर तेही मामांपाशीच जातं. उंच, काळेभोर, आवाज असा की गल्लीत बोलले तर नळावर ऐकू यायचं. मिशीला दर आठवड्याला कलप. आणि गळ्यात पितळी शिट्टी. नोकरीची दोन-अडीच वर्षं उरली होती आणि उभ्या नोकरीत त्यांच्या कागदावर एक वाईट शेरा नव्हता. हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. मामी सांगायच्या, आणि वारंवार सांगायच्या.

व्हिडिओवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “तेरड्याचा रंग तीन दिवस,” ते मला म्हणाले. “मी वीस वर्सं ह्या डोळ्यांनी बघालोय. तुझ्या डबड्याला काय दिसणार हाय?”

दिसायला लागलं मात्र. साहेबांनी मला शिकवलं, चेहरे सोड, पाय बघ, रांग बघ. हळूहळू मी शिकलो, निदान बरंचसं. मग सोमवारी गंमत यायला लागली. रांग दर वेळी डाव्या बाजूला तुटायची, का तुटते ते कुणाला कळत नव्हतं. टेपमध्ये दिसलं, डाव्या टोकाचा गडी चार पावलं आधीच पळत सुटायचा. एक रंगरूट लाठी मारताना डोळे मिटायचा. त्याला ते पटेना. टेप मागं नेऊन दाखवली.

“मी डोळं मिटतोय व्हय?”

“व्हय, आणि त्वांड उघडतोस,” शेजारचा म्हणाला.

बराक हसून हसून दमली. पण पुढच्या शुक्रवारी त्याचे डोळे उघडे होते. साहेबांचा एक नियम मला फार आवडला. टेप थांबवली की पडद्यावर जो दिसतोय त्यानं आधी बोलायचं, आपलं काय चुकलं ते. तो बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. मी हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “असली एक टेप आपल्या घराची काढा.” मी तो विषय तिथंच बंद केला.

आता शिट्टीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या शिट्टीवर आहे. कवायत खोटी असली तरी लाठ्या खऱ्या होत्या. मामा मोजणी द्यायचे, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक आकड्याला रांग एक पाऊल पुढं आणि लाठी खाली. एकदा मोजणी सुरू झाली की रांगेनंच ती ओरडत पुढं न्यायची. मोजणी मोडायची नाही, मन चालवायचं नाही. थांबायचं फक्त एका गोष्टीला, मामांच्या लांब शिट्टीला. समोरचा जमाव हटत जायचा, लाठ्या हातभर लांब पडायच्या. पण कुणी पडला, तर त्याच क्षणी शिट्टी. म्हणून कवायत चालू असेपर्यंत शिट्टी मामांच्या दातात असायची. “हात मोकळा, पर शिट्टी दातात,” ते म्हणायचे.

तो शुक्रवार पावसाळ्यातला होता. मैदान निसरडं झालेलं. जमावात राधानगरीकडचा एक रंगरूट होता, त्याच्यासमोर रांगेत शाहूवाडीचा. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच ताटात जेवायचे. जमाव मागं हटता हटता राधानगरीच्याचा पाय घसरला, तो हातावर पडला, आणि शाहूवाडीच्याची लाठी त्याच्या मनगटावर आली. मनगट मोडलं. मी तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होतो. ओरडणं ऐकू आलं, शिट्टी ऐकू आली, धावपळ दिसली, आणि मी कॅमेरा बंद केला.

साहेब चिडले होते. त्यांनी मामांना विचारलं आणि मामांनी ताठ उभं राहून सांगितलं, “शिट्टी झाली, साहेब. गडी पडला, म्या शिट्टी मारली, मग लाठी आली.”

शाहूवाडीचा रंगरूट रडकुंडीला आला. “न्हाय साहेब, शिट्टी मागनं झाली. मी मोजणीवर हुतो.”

शिट्टीनंतर लाठी म्हणजे हुकूम मोडला, आणि तोही जायबंदी करून. त्याची नोकरी अजून कच्ची होती. सोमवारी कागद करतो आणि घरी पाठवतो, असं साहेब म्हणाले. राधानगरीचा मनगट पोटाशी धरून सांगत होता की ह्यानं मुद्दाम नाही मारलं. पण एका बाजूला मामांचा शब्द होता. मामांचा शब्द म्हणजे खोटं नाही, हे त्या मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

शनिवारी दुपारी जेवण करून मी स्टुडिओचं दार लोटून घेतलं आणि टेप लावली. कुठला भाग सोमवारी दाखवायचा ते आधी बघून ठेवायची माझी सवय. मोजणी सुरू झाली, रांग पुढं सरकली. आणि मग, मी स्वतःच स्वतःला शिव्या घालाव्यात अशी गोष्ट, कॅमेरा रांग सोडून हळूहळू उजवीकडं वळायला लागला. मला आठवलं. त्या दिवशी मामांच्या मिशीचा कलप ताजा होता आणि इतक्या आठवड्यांत मामांचा चेहरा एकदाही टेपमध्ये आला नव्हता. माझ्यातला लग्नवाला जागा झाला होता. पडद्यावर मामा आले, रांगेकडं तोंड करून, शिट्टी दातात. आणि टीव्हीतून माझाच आवाज आला, मोठा आणि लाडिक:

“मामा, इकडं बघा की जरा!”

मामांनी बघितलं. दातातली शिट्टी काढून हातात घेतली, डाव्या हातानं मिशी सारखी केली आणि हसले. इतकं छान हसले की मीही टीव्हीसमोर हसलो असतो. पण त्याच क्षणी, चित्राच्या बाहेर कुठंतरी, ‘खट्’ असा आवाज झाला आणि ‘आई गं’ म्हणून कुणी ओरडलं. मामांचं हसू गेलं, त्यांनी वळून शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. लाठी आधी, शिट्टी मागून.

मी टेप चार वेळा बघितली. मामा खोटं बोलले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. वीस वर्षं गडी पडला की शिट्टी झालीच होती, मग या वेळीही झालीच असणार. तो मधला क्षण त्यांनी पाहिलाच नव्हता, कारण ते माझ्याकडं बघत होते.

आता खरं सांगतो. माझं बोट रेकॉर्डच्या बटणावर गेलं होतं. लग्नाच्या टेपमधनं मी काय काय पुसलं होतं! रुसलेले जावई, मानपानावरून झालेली भांडणं, पंगतीतून ताडकन उठून गेलेले चुलते. दहा सेकंद कोरी टेप वर चढवली की झालं, कॅमेरा बिघडला म्हणायचं. मामांची नोकरी डागाशिवाय राहिली असती आणि माझी चूक कुणाला कळलीही नसती. मामांसाठी पुसतोय असं मी स्वतःला सांगत होतो. पण चोराच्या मनात चांदणं. बोट मामांसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त पुढं गेलं होतं.

मी बटण दाबलं नाही. धीर झाला म्हणून नाही, तर एकट्याला एवढं झेपेना म्हणून. मी मामांच्या घरी गेलो आणि म्हणालो, “मामा, जरा स्टुडिओत चला.”

ते बनियनवरच आले. मी टेप लावली. माझी हाक, त्यांचं हसू, खट्, ओरडणं, शिट्टी. “परत लाव,” मामा म्हणाले. मी लावली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं.

“मामा, पुसून टाकतो,” मी म्हणालो. “कुणाला कळणार न्हाय.”

“तुला कळलं की,” ते म्हणाले. “आनि मला.”

“चूक माझी हाय. मी हाक मारली.”

“हाक तू मारलीस. शिट्टी कुणी काढली?” त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मग तो हात असा खाली घेतला, जसं काही भाजलंच. “त्या शाहूवाडीच्या पोराचा बाप गावाकडनं आलता भरतीच्या दिवशी. माझ्या पाया पडला. मी त्याला काय म्हणलो म्हाईत हाय? काळजी करू नको, पावणं, पोरगं माझ्याकडं हाय.”

त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी मामांना कधी रडताना बघितलं नव्हतं आणि मला ते बघवेना. मी टीव्ही बंद करायला उठलो तर ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे. सोमवारी हीच लाव. पहिल्यांदा हीच.”

सोमवारी खिडक्यांवर घोंगडी चढली. शाहूवाडीचा रंगरूट शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता, सामानाची पेटी बांधूनच आला होता म्हणे. राधानगरीचा प्लास्टर घातलेला हात घेऊन त्याच्या शेजारी. मी टेप लावली. माझा आवाज घुमला तेव्हा एक-दोघं हसले, आणि ‘खट्’ झाल्यावर कुणी हसलं नाही. साहेबांनी टेप जरा मागं नेऊन थांबवायला सांगितली. चित्र शिट्टी हातात घेतलेल्या मामांवर थांबलं, थरथरत.

पडद्यावर जो असेल त्यानं आधी बोलायचं. मामा उठले.

“ह्यो मी हाय,” ते म्हणाले. “शिट्टी दातात असायला पायजे, ती हातात हाय. मी मिशी बघालोय. गडी पडलेला मला दिसला न्हाय. लाठी आधी आली, शिट्टी मागनं. पोरगं मोजणीवर हुतं, म्याच शिकवलेल्या. शुक्रवारी मी साहेबांस्नी जे सांगितलं ते चुकीचं सांगितलं.” मग ते मागं वळले, पूर्ण वळले, शेवटच्या रांगेकडं. “पोरा, चुकलो मी. तू खरं बोलत हुतास.”

शाहूवाडीचा उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं कडक सलाम ठोकला. मीही उठलो आणि म्हणालो, “साहेब, हाक माझी होती.” पण माझ्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

रंगरूट राहिला. त्याचा कागद झाला नाही. मामांचा झाला, उभ्या नोकरीतला पहिला वाईट शेरा. साहेबांना तो करायचा नव्हता, असं मला नंतर कळलं. मामांनीच मागून घेतला. मामींनी ही गोष्ट मला कधी पुरती माफ केली नाही आणि पुढं वर्षभर मला त्यांच्या घरात चहा मिळाला तो मामांनी दोनदा सांगितल्यावर. मी तो प्यायचो. तेवढी शिक्षा मला कमीच होती.

पुढच्या शुक्रवारपासून माझा कॅमेरा मैदानाच्या कडेला एका उंच शिडीवर गेला. तिथून कुणाचाच चेहरा नीट दिसायचा नाही, पण सगळं मैदान दिसायचं. साहेबांनी मला मैदानावर बोलायची बंदी केली, आणि शिट्टी मामांकडंच ठेवली. नव्या तुकडीला मामा पहिल्याच दिवशी ती टेप दाखवायचे, स्वतः. “ह्यो मी हाय,” इथनं सुरू करायचे. उस्ताद आधी आपली चूक सांगतो म्हटल्यावर पोरं आपापली सांगायला लाजेनाशी झाली. शाहूवाडीचा पुढं मामांच्या हाताखाली रांगेचा म्होरक्या झाला, आणि त्याची मोजणी मामांपेक्षा मोठ्यानं ऐकू यायची. मामांना याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, आलटूनपालटून.

मामा निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. शूटिंग अर्थात माझं. मी मांडवभर फिरलो, सगळे चेहरे घेतले. मामांवर कॅमेरा नेला तेव्हा जिभेनं तिचं काम केलंच, “मामा, इकडं बघा.”

मामांनी मान वळवली नाही. ते पंगतीकडं बघत होते, कुणाच्या पानात काय कमी आहे ते. “लेका, तुझ्याकडं बघितलं की कुणाचा तरी हात मोडतोय,” ते म्हणाले आणि पंगतीकडं बघूनच हसले. त्या पूर्ण टेपमध्ये मामांचा एक कान आणि अर्धी मिशी तेवढी आहे. मुलगी सासरी निघाली तेव्हाही ते तिच्याकडंच बघत होते, माझ्याकडं नाही. मामी म्हणाल्या, “काय मेलं शूटिंग, बापाचं त्वांडच न्हाय.”

मामा आता नाहीत. एकदा त्यांची मुलगी माहेरी आली होती तेव्हा स्टुडिओत आली आणि म्हणाली, “दादा, आबा समोर बघालेत अशी एक तरी टेप असंल की तुमच्याकडं?”

होती. त्या शुक्रवारची मूळ टेप साहेबांनी बदली होताना मलाच देऊन टाकली होती. मी म्हणालो, “आहे, पण आवाज बंद करून लावतो.”

“का? आबांचा आवाज न्हाय त्यात?”

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “मग आवाजासकटच लावा.”

आम्ही दोघं बघत बसलो. माझी हाक आली. मामांनी शिट्टी हातात घेतली, मिशी सारखी केली आणि सरळ माझ्याकडं बघून हसले. मुलगी रडायला लागली. मग खट् झालं.